दगड क्रमांक दोनशे चौदा

बार्नाबे तेसिएने ठरवलं ते काही फार मोठं नव्हतं. नीम शहराबाहेरच्या खडकाळ रानात त्याची एक दगडी खोपी होती. तिच्यापुढची जागा सपाट करायची आणि पेताँक हा गोळे टाकायचा खेळ खेळायला स्वतःचं मैदान करायचं, एवढंच. लोखंडी गोळे घेऊन अकरा वर्षं तो दर रविवारी शेजारच्या कास्ताँच्या मैदानावर जात होता आणि अकरा वर्षं कास्ताँ त्याला एकच वाक्य ऐकवत होता, "पाहुण्यांनी शेवटी टाकायचं." आता येता रविवार सोडून त्यापुढच्या रविवारी सगळ्यांनी आपल्याकडे यायचं, असं आमंत्रण बार्नाबेने कुदळ हातात घ्यायच्या आधीच देऊन टाकलं. (बाजारात तुरी म्हणतात त्या याच.)

शनिवारी झुडपं तोडताना कुदळ खणकन वाजली. मैदानाच्या ऐन मध्यावर गुडघाभर उंचीचा घडीव दगड उभा होता. त्यावर दोन नागमोडी रेघा आणि खाली रोमन आकडा: CCXIV.

रोमन दगड सापडला म्हणून नीमचा माणूस नाचत नाही. तो आधी कुणी पाहिलं का ते बघतो. तोंडातून शब्द गेला की ब्रश घेऊन संशोधक येतात, दोऱ्या बांधतात आणि मुक्कामच ठोकतात. बार्नाबेच्या मावशीने न्हाणीघराची फरशी बदलायला काढली होती, ती चार वर्षं शेजारी आंघोळीला जात होती.

त्यात दुसऱ्या दिवशी जेवायला मेहुणा येणार होता. बायकोचा, सोलाँजचा, हा थोरला भाऊ, ओमेर, उत्तरेत लीलला राहायचा आणि रोमनांसाठी वेडा होता. तीन दिवस तो वही घेऊन नीमच्या रंगशाळेत फिरत होता. (बार्नाबे तिच्यात एकदाही गेला नव्हता. दोन हजार वर्षं उभी आहे, कुठे पळून जातेय?)

बार्नाबेने पहारीने दगड उपटला, खोपीच्या सावलीत आणून उभा केला, त्यावर फळी टाकली, फळीवर लांबलचक मेणकापड. रविवारी सोलाँजने त्यावरच खाऱ्या माशाच्या ब्रांदादचं भांडं ठेवलं.

"टेबल नवीन वाटतं," ओमेर म्हणाला.

"जुनंच आहे."

"जुनं म्हणजे किती?"

"म्हणजे... तसं नवीनच."

तेवढ्यात मिस्त्रालचा झोत आला. या वाऱ्याला कुणाची पर्वा नसते. मेणकापडाचं लोंबतं टोक उडून ओमेरच्या डोक्यावर बसलं. ते काढून त्याने खाली पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला.

"बार्नाबे! अरे, रोमन आकडा! दोनशे चौदा!"

"छे हो! सिमेंटचं आहे. रोपवाटिकेतून आणलं. सोलाँजसाठी."

"माझ्यासाठी?" सोलाँजने चमचा खाली ठेवला. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि मला भेट काय, तर धोंडा?"

"तुला नको असेल तर मी नेऊ?" ओमेरने विचारलं. "आमच्या बागेत शोभेल."

"ने रे दादा! आत्ताच्या आत्ता ने!"

बार्नाबेला देव पावला. दगड त्याने एकट्याने ओमेरच्या गाडीत चढवला. कमरेत कट् असा आवाज झाला, पण त्याला त्या क्षणी दुःखापेक्षा आनंदच जास्त होता. संध्याकाळी दगड लीलच्या वाटेला लागला आणि आठवडाभर बार्नाबे वाकून वाकून मैदान सारखं करत राहिला. (सरळ उभं राहता येत नव्हतं, त्यामुळे काम सोपं गेलं.)

बार्नाबे पाणीपुरवठ्याच्या एका जुन्या कंपनीत कारकून होता. जमिनीखालच्या जलवाहिनीवर जे खुणेचे दगड रोवले होते, त्यांची नोंदवही बावीस वर्षं त्याच्याकडे होती. शुक्रवारी त्याच्या टेबलावर तपासणीचा कागद आला: 'दगड क्रमांक CCXIV, तेसिए यांच्या खोपीसमोर, जागेवर नाही. त्वरित दुसरा बसवावा.'

शंभर वर्षांपूर्वीच्या एका हौशी संचालकाने दगडांना रोमन आकडे घातले होते. बार्नाबेला हे ठाऊक होतं. CCXIII आणि CCXV यांच्यामध्ये तो दरवर्षी CCXIV स्वतःच्या हाताने लिहीत आला होता. फक्त एकही दगड त्याने कधी वहीबाहेर पाहिला नव्हता.

ओमेरकडून परत मागवावा, तर त्याचीही चिठ्ठी आली होती: 'शेजारीपाजारी दगड बघायला रांग लावतात. सिमेंटचा आहे हे मी सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.'

कागदाखाली नोंदवही सांभाळणाऱ्या कारकुनाची सही हवी होती. साहेब पेन पुढे करून उभे होते. बार्नाबेने सही केली.

शनिवारी दोन माणसं आली. कंपनीच्या आवारात पडून शेवाळलेला एक शिल्लक दगड त्यांनी आणला, त्यावर आकडा कोरला आणि मैदानाच्या ऐन मध्यावर हातभर खोल पक्का रोवून दिला.

रविवारी सगळे गोळे घेऊन आले. कास्ताँ दगडाशी वाकला, आकडा वाचला, मागे वळून पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "लेका बार्नाबे, काळजी करू नकोस. आमच्यापैकी कुणी काही पाहिलेलं नाही. झाकून टाक."

बार्नाबेने तोंड उघडलं. पण खरं सांगायचं, तर हा दगड आपल्याच सहीने बसला, तेही सांगावं लागलं असतं. त्याने दगडावर मेणकापड टाकलं.

"चला, माझ्याकडे," कास्ताँ म्हणाला. सगळे निघाले. कंबर धरून बार्नाबेही निघाला. कुंपणाशी कास्ताँ थांबला.

"आणि बार्नाबे, पाहुण्यांनी शेवटी."