हळदीच्या भिंतीला चुना

कुरुंद्याचा जुना बंगला आठ दिवसांत बगळ्यासारखा पांढरा करून दाखवतो, असं रत्नपालनं ग्रामपंचायतीत छातीवर हात ठेवून सांगितलं. इंजिनिअर झाल्यावरचं त्याचं हे पहिलंच काम. निजामाच्या काळी तिथं दौऱ्यावरचे साहेब उतरत. पुढं शाळा भरली, मग रेशनचं दुकान आलं, आणि शेवटची वीस वर्षं हळदीचं गोदाम. आता गावच्या पोरींची अभ्यासिका होणार होती.

गोदामात झाडलोट केलेल्या जिवनबाई म्हणाल्या, "बापू, आधी भिंती धुऊन घे. लय हळद मुरली हाय त्यायच्यात."

"मावशी, चुना सगळं झाकतो."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जळबा गवंड्यानं चुन्याचा पहिला हात मारला आणि भिंत लाजल्यासारखी लाल झाली.

"जळबा, चुन्यात काय कालवलंस?"

"पाणी, साहेब. दुसरं काय कालवू?"

दुसऱ्या हातानं लाली वाढली. तिसऱ्यानंतर जळबा गुपचूप घरी गेला.

सकाळी शेजारच्या सुमनबाईंनी खिडकीतून डोकावलं. भिंतीवरून लाल ओघळ उतरत होते. तासाभरात गावभर झालं की बंगल्यात देवी प्रगटली. नारळ आले, खणाची ओटी आली, सेनगावहून बायांची जीप आली. पाहुणे अधिकारी दुपारी येणार होते. रत्नपाल दारात आडवा उभा राहिला.

"अहो, देवी न्हाई ही. हळदीत चुना पडला की लाल रंग होतो, एवढंच."

सुमनबाईंनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मग कुंकू कशाचं करतेत, बाबा? हळद अन् चुन्याचंच की. बराबरच हाय."

बायांनी माना डोलावल्या. रत्नपाल जिवनबाईंच्या घरी पळाला आणि हात जोडून उभा राहिला. त्या सरळ बंगल्यात येऊन म्हणाल्या, "बायांनो, नारळ नंतर. देवीला आंघोळ न्हाई घालायची काय?"

चाळीस बाया, चाळीस घागरी. गाणी म्हणत, हसत, एकमेकींना भिजवत त्यांनी दुपारपर्यंत भिंती घासून काढल्या. मागं उरला उन्हं कलतानाच्या आभाळासारखा फिका केशरी रंग. बाकं मांडली, पोरी पुस्तकं घेऊन बसल्या.

अधिकारी आले. भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, "काय सुरेख रंग निवडलाय. कुणाची कल्पना?"

रत्नपालनं ओशाळून जिवनबाईंकडं पाहिलं.

"ह्याचीच," त्या म्हणाल्या. "एकट्यानं केलंय लेकरानं. नुसतं पुसायला आमी लागलो."