मे महिन्यात संपलेली थंडी

सातपूरच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या खंडेराव पगार यांच्या दारात यंदाच्या गणपतीची वर्गणी मागायला मंडळ आलं, तो दिवस संक्रांतीचा होता. मंडळी तिळगूळ घ्यायला आली असावीत, असं वाटून खंडेरावांनी वाटी पुढे केली. मंडळाचे अध्यक्ष योगेश अहिरे यांनी एक लाडू तोंडात टाकला आणि पावतीपुस्तक काढलं.

“गणपती सप्टेंबरात ना, योगेश?”

“हो काका. पण मागच्या कॉलनीचं मंडळ फेब्रुवारीत फिरतं. एकदा त्यांना दिलं की लोक आम्हाला सांगतात, आमचं यंदाचं झालं. म्हणून जरा आधी आलो.”

खंडेरावांना पटलं नाही. पण सणाच्या दिवशी दारात वाद कशाला, म्हणून त्यांनी वर्गणी दिली.

मागच्या कॉलनीने ही गोष्ट मनाला लावून घेतली. त्यांनी नवरात्राची वर्गणी प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनालाच गोळा केली. त्याला उत्तर म्हणून योगेशच्या मंडळाने होळीच्या दिवशी निराधारांसाठी दिवाळीचा फराळ जमवला. करंज्या आठ महिने टिकत नाहीत, हे लक्षात आल्यावर तो दुसऱ्याच दिवशी वाटून टाकण्यात आला. अशा रीतीने निराधारांची दिवाळी मार्चमध्येच सुखरूप पार पडली.

एप्रिलच्या बैठकीत ‘ऊब’ हा विषय निघाला. दर डिसेंबरात मंडळ गरिबांना ब्लँकेटं वाटत असे. कार्यवाह निकिता गायधनी यांनी अडचण मांडली.

“डिसेंबरात सगळ्याच संस्था ब्लँकेटं वाटतात. आपला फोटो आतल्या पानावर जातो, तोही एवढासा. मे महिन्यात मात्र कोणीच वाटत नाही.”

“पण थंडी?” खंडेरावांनी विचारलं.

“थंडी येणारच आहे, काका. ती काही रद्द होत नाही.”

ठराव मंजूर झाला.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, पारा एक्केचाळीसवर असताना, भर दुपारी चाळीस लाभार्थ्यांना ब्लँकेटं देण्यात आली. त्यांत फुलाबाई होती. ती अकरा वर्षं कॉलनीच्या फाटकाशी मेथी-कोथिंबीर विकत होती आणि नाल्याकाठी पत्र्याच्या खोलीत वाळू नावाच्या म्हाताऱ्या नवऱ्याबरोबर राहत होती. फोटोसाठी तिच्या खांद्यावर ब्लँकेट पांघरलं गेलं. पहिला फोटो घामामुळे बाद झाला.

“आजी, जरा कुडकुडल्यासारखं करा,” फोटोग्राफर म्हणाला.

रोजच्या गिऱ्हाइकांचा शब्द मोडायचा नाही, म्हणून फुलाबाई कुडकुडली. फोटो पहिल्या पानावर आला.

घरी तिने वेगळाच विचार केला. पत्र्याखाली वाळूला उन्हाने दोनदा चक्कर आली होती. तिने ब्लँकेट पाण्यात बुडवून पत्र्यावर अंथरलं आणि रोज दुपारी त्यावर बादलीभर पाणी ओतलं. मे महिन्यात मिळालेल्या ब्लँकेटचा मे महिन्यात जेवढा उपयोग होऊ शकतो, तेवढा झाला. पावसाळ्यात ते कुजलं आणि पोळ्यापर्यंत त्याच्या चिंध्या झाल्या.

डिसेंबरात नाशिकचा पारा सातवर उतरला. एका सकाळी मेथीची जुडी देताना फुलाबाई हळूच म्हणाली, “भाऊ, म्हाताऱ्याला लय थंडी वाजती. खोकला थांबत नाय. मंडळाकडं एखादं ब्लँकेट हाय का?”

खंडेराव तसेच मंडळाच्या कार्यालयात गेले. योगेश हीटरवर हात शेकत बसले होते. त्यांनी आपुलकीने रजिस्टर उघडलं.

“आहे की नाव. फुलाबाई. पुढे शेराही आहे, ‘थंडीचे निवारण झाले.’”

“अरे, पण त्यांना आत्ता थंडी वाजतेय.”

“यंदाची थंडी आपण मेमध्येच पूर्ण केली, काका. आत्ता वाजते ती पुढच्या वर्षात धरावी लागेल. त्यांना मेमध्ये यायला सांगा. पहिलं नाव त्यांचंच घेऊ.”

खंडेराव घरी आले आणि त्यांनी बायकोला, चंद्रभागाबाईंना, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकताच पलंगाची पेटी उघडून नामपूरहून आणलेली जाड गोधडी काढली.

“विचारायला कशाला गेलात?” त्या म्हणाल्या. “पेटी आपलीच आहे ना?”

गोधडी गेली. वाळू तीन रात्री शांत झोपला. चौथ्या दिवशी खंडेरावांना नोटीस आली. अवेळी व परस्पर मदत केल्याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागवला होता. डिसेंबरात मदत करणं म्हणजे मेमधली मदत लागू पडली नाही असं सुचवणं, आणि तो सर्व देणगीदारांचा अवमान होता.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. खंडेराव उभे राहिले. बोलायची सवय नव्हती.

“त्या म्हाताऱ्याला थंडी वाजत होती,” ते म्हणाले. “म्हणून दिली.”

निकिताताईंनी लिहून घेतलं, ‘सदस्याने थंडीचा मुद्दा काढून विषयांतर केले.’ गोधडी मंडळात जमा करून मे महिन्यात रीतसर वाटावी, असा ठराव आला. खंडेराव आणि चंद्रभागाबाई सोडून सगळ्यांचे हात वर झाले.

सोमवारी दोन सदस्य गोधडी आणायला गेले. फुलाबाईने ती वाळूच्या अंगावरून काढली, नीट घडी घातली आणि दिली. खंडेरावांना हे कळेपर्यंत गुरुवार उजाडला. तोवर वाळूला न्यूमोनिया झाल्याने सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. तिथे त्याला ब्लँकेट मिळालं. दवाखान्यात अजून थंडीतच ब्लँकेट देण्याची जुनी पद्धत आहे. तो वाचला, पण परत उठून बसायला त्याला होळी उजाडली.

खंडेरावांचा राग मात्र उतरेना. शेजारच्या वत्सलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका, मनाने मऊ बाई. त्यांना त्यांनी सरळ विचारलं, “तुम्ही हात का वर केलात?”

“खरं सांगू, खंडेराव? ठराव मला नीट ऐकूच आला नाही. गच्चीवर गार वारा सुटला होता. कधी एकदा घरी जाऊन पांघरूण घेते असं झालं होतं.”

खंडेरावांनी आणखी दहा-बारा घरी विचारलं. उत्तर सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आलं. कोणाचंही फुलाबाईशी वैर नव्हतं. शेवटी त्यांनी इतिवृत्ताची वही मागून पाहिली. हात वर करणाऱ्यांची नावं त्यात नव्हती. ‘सभेस आपल्यासारखी सर्व सुज्ञ मंडळी हजर होती,’ एवढंच लिहिलं होतं.