गुळवणीसाहेबांचा बुडबुडा

ये, अशी जवळ सरक. कागद जवळ धर म्हणतेय मी. मी लिहिते ते बोलल्यासारखंच, लांबून वाचलंस तर ऐकू यायचं नाही. परवा फोनवर काय म्हणालीस गं सायली? "आत्या, तू पाठवलेल्या कपावरच्या स्टिकरखाली हवेचा बुडबुडा आलाय, बेकार काम आहे, टाकून देते." टाकून देते! गुडगावात राहायला गेल्यापासून तुम्हा लोकांना टाकण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. टाकला असशील तर केराच्या डब्यातून आधी उचल, पूस, आणि मग पुढचं वाच.

तो कप आमच्या शेजारच्या गुळवणीसाहेबांनी केलाय. आणि गुळवणीसाहेबांच्या कामात बुडबुडा म्हणजे शंकराचार्यांच्या ताटात कांदा.

या माणसाला जगात काही सहन होत नसेल तर ते म्हणजे चिकटवलेल्या वस्तूखाली अडकलेली हवा. आमच्या खालच्या मजल्यावर आहुजा राहतात. त्यांच्या मुलीला बघायला मुलगा आला होता, इथल्याच, दिल्लीच्या द्वारकेतला. सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी म्हणून आम्हालाही बोलावलं होतं. मुलानं आपला मोबाइल टेबलावर ठेवला. त्याच्या काचेवर जे पारदर्शक कव्हर असतं ना, त्याखाली दोन बुडबुडे होते. झालं! साहेबांनी सामोसा खाली ठेवला, खिशातून आपलं जुनं ऑफिसचं ओळखपत्र काढलं आणि त्या पोराच्या मोबाइलवर घासायला सुरुवात केली. मधेच फोन वाजला. पोरगा हात पुढे करतोय आणि हे म्हणतायत, "एक मिनट बेटा, हवा निकल रही है." बुडबुडे गेले, फोनही गेला, म्हणजे बंद झाला वाजायचा. निघताना आहुजांना बाजूला घेऊन म्हणाले, "लडका ठीक है. लेकिन सफ़ाई पर ध्यान नहीं है." ते लग्न जमलं नाही. आहुजीण अजूनही त्याचं खापर या ओळखपत्रावर फोडते.

केंद्र सरकारात आयुष्य घालवून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेला माणूस. त्या ओळखपत्रावर त्यांचा काळ्या केसांचा फोटो होता. घासून घासून आता नुसते कान उरलेत. मी एकदा म्हटलं, "अहो साहेब, बाजारात याला वेगळं प्लास्टिक मिळतं." तर म्हणाले, "वहिनी, जन्मभर हे कार्ड दाखवून आत गेलो. आता हे हवेला बाहेर काढतंय. प्रमोशन आहे ते."

रिटायर झाल्यावर बाकीचे लोक योगासनं करतात किंवा व्हॉट्सॲपवर देश चालवतात. यांनी कटिंग मशीन घेतलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. ते विनाइल म्हणजे पाठीमागे गोंद असलेला रंगीत कागद समज, खरं तर प्लास्टिकच. मशीन त्यात अक्षरं कापतं. मग नको असलेला भाग चिमट्यानं उचलून काढायचा. त्याला साहेब 'खुरपणी' म्हणतात. दुपारी बेल वाजवली की आतून आवाज येतो, "खुरपणी चालू आहे, दार ढकला."

सुरुवात घरातल्या डब्यांपासून झाली. साखर, रवा, मीठ. मग स्विचबोर्ड. मग फ्रिजवर 'दार लोटावे, आपटू नये'. मग लिफ्टमधल्या आरशावर सोनेरी अक्षरांत 'कृपया येथे केस विंचरून इतरांचा वेळ घेऊ नये'. तो आरसा माझ्या डोक्याच्या बरोबर समोर येतो, हे मी इथे नमूद करून ठेवते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मराठी मंडळाच्या बायकांनी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या घेतल्या, तर साहेबांनी प्रत्येक वाटीवर लाल बदाम चिकटवून दिला. बदाम म्हणजे पत्त्यांतला गं, तुमचं ते हार्ट. कर्व्यांच्या सासूबाईंनी वाटी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "यात औषध घ्यायचं का?"

आणि ही बदामाची साथ आली ती व्हॅलेंटाईनमुळे. एका वर्षी आहुजा चौदा फेब्रुवारी विसरला. संध्याकाळी घाबरून साहेबांकडे आला. त्यांनी हाताशी होती त्या पाण्याच्या बाटलीवर बदाम लावून दिला आणि आहुजाचा संसार वाचवला. तेव्हापासून जानेवारी संपत आला की सोसायटीतले नवरे गुळवणींच्या दारात उभे. बायकोसाठी हातानं केलेली भेट पाहिजे, हात मात्र गुळवणींचा.

पण साहेब ते! नुसतं 'कुछ भी लिख दो' चालत नाही. मजकूर लेखी पाहिजे. त्याला ते ड्राफ्ट म्हणतात. तो टेबलावर येतो, साहेब चष्मा लावतात, आणि त्यावर शंका काढतात. आहुजानं लिहून आणलं, 'माय स्वीटी, यू आर माय लाइफ़.' साहेबांनी वर बघितलं.

"ये स्वीटी कौन है?"

"अंकल, वाइफ़ है मेरी."

"नेमप्लेट पर तो सुनीता है."

"प्यार से बोलता हूँ जी."

"कब से? मैंने तो सीढ़ियों में हमेशा 'सुनती हो' ही सुना है."

आहुजा लाल झाला. शेवटी बाटलीवर 'सुनीता' आलं. आणि गंमत बघ, तिनं ती बाटली अजून जपून ठेवलीय. म्हणते, "इन्होंने पहली बार पूरा नाम लिया."

या वर्षी आमच्या यांनाही लहर आली. म्हणजे लहर कसली, साहेबांनी जिन्यात गाठून दम दिला, "तुमचा प्रस्ताव अजून आला नाही." यांनी दोन दिवस विचार केला. तुझे काका दोन दिवस विचार करतात तेव्हा घरात गंभीर आजार असल्यासारखी शांतता असते. आणि इतक्या मंथनातून निघालं काय? 'चहा चांगला होतो.' एवढंच! माझ्या सगळ्या संसाराचा निकाल तीन शब्दांत. साहेबांनी तो मजकूर विनाशंका पास केला, हे मला जास्त लागलं. पांढरा कप, त्यावर लाल बदाम, आणि बदामाखाली 'चहा चांगला होतो'. टपरीवर लावावी तशी पाटी.

चौदा तारखेला अजून अवकाश होता, पण धीर कुठल्याच नवऱ्याला नव्हता, भेटी आधीच देऊन झाल्या. कप हातात घेऊन मी नीट बघितला, आणि बदामाच्या खालच्या टोकाशी काय दिसावं? बुडबुडा! मसुराच्या दाण्याएवढा. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! लिफ्टमधल्या आरशाचा सूड घ्यायची वेळ आली होती. तशीच कप घेऊन निघाले.

साहेबांच्या घरात बघते तर गर्दी. आहुजीण नवी बाटली घेऊन बसलेली. दुसऱ्या विंगमधले मेजरसाहेब फोटोफ्रेम घेऊन. कर्व्यांची सून. प्रत्येकाच्या हातातल्या वस्तूवर एकेक बुडबुडा. आणि साहेब टाचणी घेऊन मध्यभागी, दाताच्या डॉक्टरसारखे. "एकदम काढता येत नाही. टोचायचं, थांबायचं, दाबायचं. घाई केली तर सुरकुती पडते. तोवर चहा घ्या. वहिनी, तुमचा चांगला होतो असं रेकॉर्डवर आहे. जरा टाका."

मी चहा टाकायला आत गेले. कपाटात सगळे कप नावानिशी ओळीनं. मालती, म्हणजे त्यांच्या मिसेस. मग मुलगा, सून आणि नातू. एका कपाचा अपवाद सोडला तर सगळ्यांची अक्षरं नवी कोरी. झिजला होता फक्त 'मालती'. अगं, विनाइल धुऊन धुऊन झिजतं. आणि मालतीताई तर केव्हाच्या नोएडाला, मग त्यातून रोज चहा पितं कोण?

ते तुला सांगायचं राहिलं. नातू झाला तेव्हा मालतीताई थोडे दिवस म्हणून मुलाकडे गेल्या. सुनेची नोकरी, पाळणाघरावर विश्वास नाही. थोडे दिवस करता करता नातू नर्सरीत जायला लागला. नोएडा काही अमेरिकेत नाही. इथे मेट्रोच्या ब्लू लाइनमध्ये बसायचं, गाडीसुद्धा बदलायची नाही. पण सून शनिवारी थकलेली, मुलगा रविवारी थकलेला. आणि आजी काय, ती थकतच नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं.

मग साहेबांनी तिकडे जावं, तर तिथे घोळ झालाय. एकदा गेले होते राहायला, विनाइलचा रोल घेऊन. सकाळी मुलगा-सून उठेपर्यंत यांनी स्वयंपाकघर सजवलं. चिमणीवर 'धूर', गीझरवर 'गरम', आणि सुनेच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर हा एवढा लाल बदाम. बिचारी मोठ्या मीटिंगला तो बदाम घेऊन बसली. संध्याकाळी ती घरी आली. नुसती नखानं एकेक अक्षर काढत बसली, आणि भिंतीवरच्या पाटीबरोबर भिंतीचा रंगही आला. घर भाड्याचं. साहेब दुसऱ्या दिवशी परतले. तेव्हापासून विचारलं की म्हणतात, "बदलीच्या ठिकाणी विनापरवानगी जाता येत नाही."

तर मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले, आणि थांबले. साहेब आहुजीणीच्या बाटलीवर नवा बदाम बसवत होते. तिचं लक्ष मोबाइलमध्ये. ओळखपत्रानं मधून कडेला, मधून कडेला, सगळी हवा काढली. आरसा झाला आरसा. मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं, खालचं टोक नखानं हळूच उचललं, आणि पुन्हा टेकवलं. मसुराच्या दाण्याएवढा बुडबुडा आत राहिला.

"अरे, देखिए सुनीता जी, फिर रह गया," म्हणाले. "अगले हफ़्ते आ जाइए."

तुला माझी जीभ माहीत आहे. पण ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांना चहा द्यायला लागले मी.

सगळे गेल्यावर मात्र विचारलं, "सगळ्यांच्या बायकांना झालं. मालतीताईंना काय?"

साहेब चिमटा पुसत राहिले. "विचाराधीन आहे."

"किती वर्षं विचार करणार? 'घरी ये' एवढं लिहायला ड्राफ्ट कशाला लागतो?"

"ती तिथे कामावर आहे वहिनी. तिकडे पोराचे हाल होतील. असं बोलावता येत नाही."

"मग तुम्ही जा."

"माझ्यामुळे तिथे भिंतीचं नुकसान होतं." असं म्हणाले आणि मशीन चालू केलं. त्या मशीनच्या आवाजात आपलं बोलणं ऐकू येत नाही, हे त्यांना बरोबर माहीत आहे.

पण माझं बोलणं कुठेतरी चिकटलं असावं. आहुजाचं ऑफिस नोएडाला. चौदा तारखेला त्याच्या हाती एक खोकं गेलं. दुपारी मला मालतीताईंचा फोन.

"कुमुदताई, यांची तब्येत बरी आहे ना?"

"का हो?"

"कप आलाय. अक्षर एक नाही. नुसता बदाम, आणि त्याच्या मधोमध लिंबाएवढा बुडबुडा. हात कापायला लागला की काय यांचा?"

मी म्हटलं, "या आणि बघा."

शनिवारी आल्या. नातवाच्या स्वेटरमध्ये कप गुंडाळून, मेट्रोत मांडीवर धरून. मला हाक मारली म्हणून मीही गेले. त्यांनी चप्पल काढायच्या आधी कप पुढे केला. "अहो, हे काय काम आहे? लोकांना असंच देता?"

साहेबांनी कप उजेडात धरला. बायकोकडे बघितलं नाही, कपाकडेच बघत म्हणाले, "मोठा आहे. वेळ लागेल. तू बस."

त्या बसल्या. साहेब टोचत होते, थांबत होते, दाबत होते. मालतीताईंनी तेवढ्यात मटार सोलले, पडदा सारखा केला, 'दार लोटावे'वाला फ्रिज जोरात आपटला. साहेब मान वर न करता टोचत राहिले. चहा करायला आत गेल्या तेव्हा त्यांना कपाटातला आपला झिजलेला कप दिसला. पदरानं पुसून तसाच जागेवर ठेवला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "टाचणी मला लावता येत नाही असं वाटतं का हो यांना? यांच्या सदऱ्याची शिलाई उसवली की टाके कोण घालत होतं? पण सांगू नका."

संध्याकाळी त्या परत निघाल्या. नातू रात्री आजीशिवाय झोपत नाही ना. साहेबांनी कप पुन्हा उजेडात धरला.

"पूर्ण निघाला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा पुट अप करावा लागेल."

"बरं," मालतीताई म्हणाल्या. "कप इथेच असू दे. मी येईन."

तेव्हापासून दर शनिवारी येतात. एकदा नातवालाही आणलं. त्यानं आजोबांच्या कपाळावर बदाम चिकटवला, आणि साहेब तसेच खाली दूध आणायला गेले. बुडबुडा अजून आहे. आता हरभऱ्याएवढा झालाय म्हणतात, आणि त्याची दोघांनाही काळजी वाटते.

तेव्हा सायली, तुझा तो कप बेकार नाही. तुझ्या नावाचा कप करताना साहेब नेहमीसारखं खालचं टोक उचलत होते, तर मीच म्हटलं, "जरा मोठा सोडा हो. पोरगी गुडगावात राहते, लहानशानं यायची नाही."

टाचणी लावू नकोस. कुणाला लावूही देऊ नकोस. कप घेऊन ये. चहा चांगला होतो, लेखी आहे. लवकर ये.