काकांच्या चिबडावरची माशी

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी विशालने एकच बारीकसं काम करायचं ठरवलं. काकांच्या टकलावर बसलेली माशी हाकलायच्या आधी तिचा फोटो काढायचा. (नुसती हाकलली असती तर भानगडच नव्हती. पण विशाल सरळ वागला असता तर दहावीसुद्धा पास झाला असता.)

दत्तप्रसादकाका नेवऱ्या, म्हणजे करंज्या, हाणून माटोळीखाली आडवे झाले होते. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळांनी लगडलेली लाकडी चौकट. तिच्यासाठी काकांनी मोपाचा सडा, ते अख्खं कातळाचं पठार, पिंजून काढला होता. तरी वाड्यावर (म्हणजे वस्तीत) दरवर्षी कौतुक व्हायचं ते शेजारच्या बाबाजीच्या माटोळीचं. काकांचं हे कायमचं दुखणं.

माशी भलतीच होती. कंबर बारीक, डोळे बटाट्याएवढे, तोंडाला लांब नळी. विशालने इतकं झूम केलं की काका संपले आणि नुसता पिवळसर, गुळगुळीत डोंगर उरला. फोटो वाड्याच्या ग्रुपवर गेला. 'ओळखा पाहू, माटोळीतलं कुठलं फळ?'

पहिलं उत्तर आलं ते काकांचंच. झोपेतून उठल्या उठल्या.

'चिबूड! आमचाच! रंग बघा!!'

माटोळीत खरबुजासारखा एक पिवळा चिबूड टांगलेला होताच. विशाल उशीत तोंड खुपसून हसला. संध्याकाळी मात्र त्याचं हसू आटलं. काकांची मुलगी ऋतिका कॉलेजात किडेमुंग्या शिकते. तिने फोटो तिच्या क्षमा मॅडमना धाडला होता, आणि मॅडमचा फोन आला. माशी दुर्मीळ वाटते. ही दुसऱ्या किड्याच्या अंगात अंडं सोडते आणि पिल्लू त्याला आतून खात मोठं होतं. पण फोटोत पंखावरच्या शिरा नीट दिसत नाहीत, म्हणून नाव खात्रीने सांगता येत नाही. उद्या येते. चिबूड हलवू नका.

झालं! काका ओसरीवर जाऊन, बाबाजीला ऐकू जाईल अशा बेताने ओरडले, "माशी काय कुठेही बसते? फळात दम लागतो!" मग घरोघरी आमंत्रण.

विशाल काकांच्या मागे मागे फिरू लागला. तो नापास झाला तेव्हा अख्खा वाडा हसला होता. एकटे काका म्हणाले होते, "पोराचं डोकं जरा उशिरा पिकतं, पिकू दे." त्याच काकांचं आता त्याच वाड्यासमोर हसं होणार होतं.

"काका, तो चिबूड आहे ना..."

"हात लावशील तर तंगडी मोडीन, मेल्या!"

(सांगायचा प्रयत्न केला होता, याला देव साक्षी आहे. तो समोरच बसला होता.)

दुसऱ्या दिवशी मॅडम जाळी, भिंग, कॅमेरा घेऊन हजर. वाडा दारात गोळा. बाबाजी सगळ्यात पुढे. मॅडमनी एकदा चिबूड बघितला, एकदा फोटो.

"फोटोत बारीक केस दिसताहेत. चिबडाला केस?"

"गावठी आहे मॅडम," काका म्हणाले. "औषध मारत नाही आम्ही."

"आणि हा काळा ठिपका?"

भाग्यलक्ष्मीकाकी फोटोवर वाकली. "अगो बाई! हा तर ह्यांचा तीळ! रोज तेल लावते मी ह्याला!"

सगळा वाडा काकांच्या डोक्याकडे बघायला लागला. काकांनी हळूच हात वर नेऊन तीळ चाचपला. मग विशालकडे पाहिलं. विशाल मागच्या दारापर्यंत पोचला होता, पण तिथे बाबाजीची बायको उभी.

"म्हणजे घामाचं मीठ चाटायला आली असेल!" मॅडम खूशच झाल्या. "काका, तसेच बसा बघू."

काका बसले. बाबाजी हसून हसून खांबाला टेकला. माशी काही येईना. काकीने सकाळीच तेल चोपडलं होतं.

"नवं, कोरडं टक्कल पायजे," काका दात आवळून म्हणाले. "विशाल, हंय ये."

"चवथीत मुंडण? शिव शिव!" काकी ओरडली.

"मुंडण खय? नुसतं मशीन फिरवतो."

आरतीत घुमट वाजवताना मागे झटकायला म्हणून वाढवलेली विशालची झुलपं ओसरीवर पडली. काकीने काकांचं डोकं शिकेकाईने घासलं, आणि काका-पुतणे माटोळीखाली शेजारी शेजारी बसले.

"रडतोस कित्याक?" काका पुटपुटले.

"तुमचं हसं झालं म्हणून."

"गप रव. माझ्या टकलावर इतकी माणसं कधी जमली होती?"

तेवढ्यात ती आली! विशालच्या डोक्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि तडक जाऊन काकांच्या तिळाशेजारी बसली. कॅमेरा खटाखट वाजला. मॅडमनी शिरा निरखल्या, पुन्हा निरखल्या आणि म्हणाल्या, "तीच!"

"बाबाजी," काका मान न हलवता म्हणाले, "तुझ्या माटोळीवर बसली कधी?"

रात्री ग्रुपवर काकांनी फोटो टाकला. विशालचं ताजं डोकं, पाठीमागून, झूम करून. 'ओळखा पाहू, कुठलं फळ?'

पहिलं उत्तर बाबाजीचं.

'शहाळं. आत नुसतं पाणी.'