डॉक्टरांच्या मापाची सायकल

"पुढे वाका. जमेल तेवढंच हं," हातात टेप घेऊन सायकलवाल्या बाई म्हणाल्या.

दाताच्या डॉक्टरांना ते 'जमेल तेवढंच' जिव्हारी लागलं. पन्नाशी उलटली असली तरी कुणी वय काढलेलं त्यांना खपत नसे. म्हणून तर दुकानातली तयार सायकल त्यांनी नाकारली होती. त्यांना हवी होती स्वतःच्या अंगाच्या मापाने, नळीला नळी जोडून घडवलेली स्टीलची रेसिंग सायकल, आणि तशी फ्रेम करणाऱ्या या एकट्याच बाई होत्या. डॉक्टरांनी श्वास रोखला आणि एका झटक्यात दोन्ही तळवे वर्कशॉपच्या फरशीला टेकवले.

कमरेत 'कट्' झालं.

"अगं बाई!" बाई हरखल्या. "असं वाकणारं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही. जरा तसेच थांबता?"

"थांबतो की," डॉक्टर फरशीला म्हणाले. दुसरं काही करणं त्यांच्या हातात उरलंच नव्हतं.

बाईंनी पाठ मापली, हात मापले, पाय मापले. "झालं. उठा आता."

"आणखी एखादं माप घ्यायचं असेल तर घ्या. मला घाई नाही."

बाईंनी हौसेने मान मापली, पंजे मापले. शेवटी मापायला काही उरलं नाही, तेव्हा डॉक्टर शक्य तितक्या सहजपणे म्हणाले, "जरा आमच्या घरी फोन लावता का?"

बायको आली ती दारातूनच म्हणाली, "काय पडलं हो तुमचं?"

"काही नाही. व्यायाम चाललाय."

"बरं. मग उरलेला घरी करा." तिच्या सगळं लक्षात आलं होतं. गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून तिने त्यांना घरी नेलं.

पुढे आठवडाभर डॉक्टरांनी काटकोनात उभं राहून दात काढले. पेशंट बेहद्द खूश. "पूर्वी लांबून बघायचे," एक आजी सगळ्यांना सांगत सुटल्या, "आता कसे अगदी तोंडात डोकं घालून बघतात!"

शेकून शेकून कंबर सुटली, पण बाईंना खरं सांगायला डॉक्टरांचं तोंड काही सुटेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता बाईंचाच फोन आला, "या डॉक्टर! रंगसुद्धा वाळला."

सायकल लालचुटुक होती, देखणी होती आणि संपतच नव्हती.

"ही सायकल आहे की शिडी?" बायकोने विचारलं.

डॉक्टर सीटवर बसले. हँडल जणू पुढच्या गल्लीत होतं. पोट आत घेऊन, हात ताणून, दातओठ खाऊन त्यांनी बोटांची टोकं कशीबशी तिथवर पोचवली.

"लाजू नका," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीसारखे मस्त वाका!"

"अहो, त्या दिवशी मी वाकलो नव्हतो," डॉक्टर शेवटी ओरडले, "अडकलो होतो!"

बाईंचा चेहरा पडला. जोडावरून हात फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "इतकं सुबक काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं हो." डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको मात्र फ्रेमभोवती एक फेरी मारून आली. "एवढी लांब आहेच, तर अजून एक सीट नाही का बसणार?"

बाईंनी वर पाहिलं आणि त्यांचे डोळे लकाकले. "थोडी आणखी लांबवावी लागेल. पण स्टीलचं हेच तर बरं असतं, कापता येतं, जोडता येतं! चला, दोघांची मापं देऊन टाका. आणि डॉक्टर, तुम्ही उभे राहा. नुसते उभे!"

दोघांची सायकल झाली तेव्हा पुढे कोण बसणार हा प्रश्नच आला नाही. हँडल बायकोने धरून ठेवलं होतं. मागे ताठ बसून डॉक्टर ओळखीच्या माणसांना हात करत होते. असं सुख त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं. बाजार मागे पडला, पूल मागे पडला. मग चढ लागला. सायकल मंदावली, आणखी मंदावली आणि अगदी अदबीने रस्त्याकडेच्या गवतात कलंडली.

"दमलीस ना?" गवतातूनच डॉक्टरांनी मायेने विचारलं.

"मी कशाला दमू? मी चढ लागताच पायडल मारणं सोडलं होतं. म्हटलं, मागे तुम्ही आहात."

"कमाल आहे!" डॉक्टर म्हणाले. "मी म्हटलं, पुढे तू आहेस!"

दोघं पोट धरधरून हसली. मग उरलेला चढ त्यांनी सायकल ढकलत पार केला, आणि ढकलताना मात्र दोघांनी एकमेकांच्या हातांवर नीट नजर ठेवली.