पंपाचे कुलूप

बबनरावांच्या हातून आयुष्यात कधी गफलत झाली नव्हती, असे त्यांचे स्वतःचे ठाम मत होते! चाकणच्या कारखान्यात देखभाल विभागात चौतीस वर्षे कायम सकाळच्या पहिल्या शिफ्टला काढून ते नुकतेच निवृत्त झाले, तेही दहाची दहा बोटे शाबूत ठेवून. याचे श्रेय ते एकाच नियमाला देत. यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याच्या बटणाला कुलूप ठोकायचे, वर लाल पाटी लटकवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. किल्ली ज्याची, यंत्र त्याचे!

आता मात्र प्रश्न यंत्राचा नव्हता, मुलीचा होता. उत्कर्षाला इंटरनॅशनल स्टडीजमध्ये बी.ए. करायचे होते आणि त्या प्रवेशासाठी मुलाखत होती. वाकडला आयटी कंपनीत असलेल्या तिच्या थोरल्या भावाने, जयदीपने बजावले होते, "यादीत नाव आलं नाही, तर सोमवारी मुकाट्याने इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा!"

"पण मला देशादेशांची भांडणं का होतात, कशी मिटतात, ते शिकायचंय, पप्पा."

"मुलाखत निर्विघ्न पार पाडण्याची जबाबदारी माझी!" बबनराव बोलून गेले.

मुलाखत गुरुवारी अकराला, घरूनच, लॅपटॉपवर होती. ती एकदाच होणार होती. बबनरावांनी विघ्नांची यादी केली. सतरा भरली! त्यांतले चौदावे म्हणजे इमारतीचा पाण्याचा पंप. तो नेमका उत्कर्षाच्या खिडकीखाली होता आणि सुरू झाला की दमेकरी रेड्यासारखा घुरघुरे.

गुरुवारी साडेआठलाच बबनरावांनी पंपाच्या पेटीला कुलूप घातले. "काम चालू आहे. हात लावू नये," अशी पाटी लटकवली. वॉचमनने ती वाचली, कोणी मोठा साहेब दुरुस्तीला आला असावा असे समजून पेटीला नमस्कार केला आणि तो चहाला गेला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी दारावर थापा पडल्या. बाहेर शेजारच्या शालनबाई उभ्या होत्या, डोक्यावर शाम्पूच्या फेसाचा फेटा!

"आवं बबनराव, नळ कोरडं पडल्यात! डोळं झोंबाया लागल्यात माझं!"

"हळू बोला हो! आत मुलाखत चाललीय!"

"मुलाखत करा न्हाईतर लगीन करा, पाणी सोडा!"

मागोमाग सोसायटीचे अध्यक्ष मारुतराव आले. "राव, पाटीवर अक्षर तुमचं आहे. किल्ली काढा!"

बबनरावांनी खिसा चाचपला. रिकामा! अंघोळीनंतर शर्ट बदलला होता.

"मंजुळा, माझा निळा शर्ट कुठंय?"

"मशीनला लावलाय. पण पाणी संपलं आणि मशीन मध्येच थांबलं. दारही उघडत नाही," त्यांच्या पत्नी मंजुळाबाई म्हणाल्या.

बबनरावांनी बोटांवर हिशेब मांडला. पंपाला किल्ली हवी, किल्लीसाठी मशीन उघडायला हवे, मशीनला पाणी हवे आणि पाण्याला पंप हवा!

"कुलूप तोडा!" मारुतराव गरजले.

"तुटत नाही. कंपनीचं आहे," बबनराव म्हणाले. त्याही अवस्थेत त्यांची मान किंचित ताठ झाली.

तेवढ्यात उत्कर्षाच्या खोलीचे दार उघडले. "एक मिनिट हं, मॅडम," असे लॅपटॉपला सांगून ती बाहेर आली. सोमवार बबनरावांच्या डोळ्यांपुढे नाचू लागला!

"प्रत्येक घरातून अर्धी कळशी प्यायचं पाणी आणा. मशीनच्या साबणाच्या खणातून ओतू. कपडे पिळून झाले की दार आपोआप उघडेल."

"म्या का दिऊ? कुलूप ह्यांचं!"

"पंप सुरू झाला की पहिलं पाणी तुमच्या टाकीत, काकू."

"मारुतरावांच्या आदी?"

"आधी."

"लिवून द्या!"

कागद हाताशी नव्हता. बबनरावांनी कपाटातून दुसरी लाल पाटी काढून तिच्या मागे लिहून दिले. शालनबाईंनी ओला अंगठाच उठवला, मारुतरावांनी दात खात मान्यता दिली आणि कळश्या हलल्या.

उत्कर्षा परत लॅपटॉपपुढे बसली. दाराला कान लावलेल्या बबनरावांना, बाहेरचा सगळा गोंधळ ऐकलेल्या मॅडमचा प्रश्न ऐकू आला, "कुलूप लावणारे गृहस्थ तुमच्या शिक्षणाच्या विरोधात आहेत का?"

"नाही मॅडम, ते माझ्याच बाजूचे आहेत. अडचण तीच आहे."

आत हशा पिकला. मुलाखत आटोपता आटोपता मशीनचे दार उघडले, किल्ली हाती आली आणि पहिले पाणी शालनबाईंच्या टाकीत पडले. ते हसू कौतुकाचे की निरोपाचे? या विचारात बबनरावांना दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

शनिवारी यादी लागली आणि उत्कर्षाचे नाव त्यात होते! बबनराव पेढ्यांचा पुडा घेऊन पहिल्यांदा शालनबाईंकडे गेले.

"ग्वाड बातमी!" शालनबाईंनी दोन पेढे उचलले. "पर बबनराव, मुलाखत अकराला व्हती न्हवं? पंप तर रोज नऊ ते धाच चालतो. तुमी जलमभर पैल्या शिफ्टला, तुमाला कसं ठावं असनार!"

बबनरावांनी पुडा मिटला, घरी येऊन विघ्नांची यादी काढली आणि चौदावी ओळ खोडली. त्या जागी स्वतःचे नाव लिहायला मात्र त्यांना बराच वेळ लागला; अक्षर नीट येत नव्हते!