पास्कल अंकलचं लायसन

पास्कल अंकलच्या हातातल्या माईकची वायर कुठेही जोडलेली नसे. तरी दर शुक्रवारी सकाळी, ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीच्या मेसमध्ये, ते तो माईक तोंडासमोर धरून अख्खा कार्यक्रम सादर करत. बातम्या, हवामान, वसईच्या केळ्यांचे भाव आणि मध्येच स्वतःच्या भसाड्या आवाजात एक लग्नगीत. हे सगळं वसईकडच्या त्यांच्या कुपारी ख्रिस्ती समाजाच्या बोलीत, जी मेसमध्ये दुसऱ्या कुणालाच येत नसे. "अंकल, वायर तरी जोडा," असं कुणी म्हटलं की ते भडकत. "लायसन आहे का आपल्याकडे? नाय ना? मग वायर नाय!"

माणूस पेशाने इलेक्ट्रिशियन. कारखान्याच्या सगळ्या वायरी जोडायचा, ही एक सोडून.

मी नागपूरकडचा, स्टोअरमध्ये कामाला आणि अंकलचा रूममेट, त्यामुळे घोरणं सोडून बाकी वेळ त्यांचं लायसनच माझ्या कानी पडे. गावात आपल्या बोलीचं रेडिओ स्टेशन काढायचं, हा त्यांचा ध्यास. "आम्ही तिथले मूळचे, भाऊ. आणि रेडिओवर आमचा एक शब्द नाय?"

नव्वदच्या दशकात मी रुजू झालो तेव्हा रेडिओ म्हणजे सरकारचा, विषय संपला. अंकलचा संपत नव्हता. मग एकदा बातमी आली की शिक्षणसंस्थांना स्वतःचं स्टेशन काढता येणार. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेरून दार बडवत अंकल ओरडले, "भाऊ, बाहेर ये, कायदा हलला!" त्याच संध्याकाळी त्यांनी गावच्या फादरना फोन लावला. "फादर, आपण एक कॉलेज काढूया." फादर म्हणाले, आधी चर्चचं छप्पर गळतंय ते बघू.

आणखी काही वर्षांनी गावोगावच्या संस्थांनाही मुभा मिळाली. अंकलनी सगळ्यांना हलवा वाटला, आमच्या ओमानी अर्बाबला, म्हणजे मालकालाही. मग कळलं की संस्था जुनी, नोंदलेली हवी. अंकलची संस्था म्हणजे एकटे अंकल! गावात तशी जुनी संस्था होती ती त्यांच्या बायकोच्या, रेजिनावहिनींच्या महिला मंडळाची. मंडळ शिवणक्लास चालवायचं. शेवटी अर्ज त्यांच्याच नावाने गेला. "आता रेजिना मालकीण," अंकल ऐटीत सांगत, "मी तिचा ओमानमधला स्टाफ."

दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तर अर्बाबच उठून उभा राहिला. "यल्ला पास्कल, जाओ! लायसन लेके आओ!"

मुलाखतीचा प्रसंग अंकलनी परत आल्यावर आम्हाला इतक्यांदा करून दाखवला की मला पाठ आहे. समितीतल्या साहेबांनी विचारलं, मुंबईत मराठी स्टेशनं आहेत की, तुम्हाला वेगळं कशाला? रेजिनावहिनी तोंड उघडणार तेवढ्यात अंकल उठले आणि आपल्या बोलीत सुरू झाले. थांबेचनात. सगळे समितीतल्या एकुलत्या एका मराठी साहेबांकडे बघू लागले. ते बिचारे म्हणाले, "मलाही काही कळत नाहीये." अंकलनी टेबलावर थाप मारली. "हेच सांगतोय साहेब!"

आणि लायसन आलं! फोर्कलिफ्टवाल्यांनी हॉर्न वाजवले, मेसमध्ये पोरं नाचली, मीही नाचलो. दमल्यावर मी विचारलं, "अंकल, पण इथे ऐकू येणार का?"

"वेडा काय? गावाच्या वेशीपर्यंत पोचलं तरी पुष्कळ."

स्वतःला ऐकूसुद्धा येणार नाही अशा स्टेशनसाठी हा माणूस इतकी वर्षं झटला होता.

स्टेशन सुरू झालं त्या सकाळी रेजिनावहिनींनी उद्घाटनाचे दोन शब्द बोलायला अंकलना स्टेशनातूनच फोन लावला; ते बोलतील ते थेट रेडिओवर जाणार होतं. आम्ही मोठ्या भाषणाच्या तयारीने बसलो. अंकलनी मोबाईल कानाला लावला, घसा खाकरला, आणि आपल्या बोलीत म्हणाले (एवढं तर एव्हाना मलाही कळत होतं), "आय, जेवली का?"

त्यांची आई घरी अंथरुणाला खिळलेली, उशाशी रेडिओ. अंकल तिला नेहमी फोन करायचे. पण म्हातारी दोन शब्द बोलली की, "तुझं बिल येतं रे, ठेव," म्हणून स्वतःच फोन ठेवून द्यायची. बंद फोन कानाला तसाच धरून उभे राहिलेले अंकल मी कितीदा पाहिले होते.

"आय, हा रेडिओ हाय," ते म्हणाले. "ह्याला बिल नाय. आता ठेवू नको."

मग त्यांनी तिला आदल्या दिवशी केलेलं मासळीचं कालवण सांगितलं, दुखरा गुडघा सांगितला, इथल्या समुद्राचा रंग सांगितला. ऐकायला सगळा गाव होता, पण रेजिनावहिनींनी काही त्यांना थांबवलं नाही. माझे डोळे भरून आले होते. फोनचं बिल अर्थातच येणार होतं. पण ते म्हातारीला सांगतो कोण!